बर्फाची लादी आणि विजेचें युनिट

गारवा ही वस्तु मुंबईंत पैसे टाकून बाजारांत मिळूं लागली, त्यास अद्याप पुरतीं दोनशें वर्षें झालेलीं नाहींत. उष्णता विकत घेण्याची रीत पुरातन आहे. लांकूड, गोंवऱ्या, कोळसा, तेल हीं सारीं उष्णतेचींच रूपें होत. पण वैशाखाच्या दुपारीं थंडी हवी असल्यास श्रीमंताचाहि उपाय चालत नसे. आज मीरा-भाईंदरसारख्या शहरांत एका खोलीच्या बिऱ्हाडांतहि लहानसा फ्रिज दिसतो. तो घेतांना दुकानांत किंमतीची घासाघीस होते. परंतु ही पेटी रोज किती वीज खाईल, हा प्रश्न पुष्कळदां विचारलाच जात नाहीं. वस्तुतः गारव्याच्या इतिहासांत महत्त्व आहे तें या दुसऱ्या प्रश्नासच. थंडी निर्माण करण्याची युक्ति एकदां साधली म्हणजे साधली. थंडी राखणें हें मात्र रोजचें काम, आणि खर्च होतो तो या राखणीवर. राखणीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, त्याप्रमाणें गारव्याच्या पेट्या सुधारत किंवा बिघडत गेल्या, असें या इतिहासावरून दिसून येतें.

बर्फ ठाऊक होण्यापूर्वीं कोंकणच्या किनाऱ्यावर नाशवंत जिन्नस टिकविण्याचीं मुख्य साधनें दोनच होतीं, मीठ आणि ऊन. भाईंदरच्या खाडीलगतचीं मिठागरें आणि उत्तन, पाली, चौक येथील कोळीवाडे यांचा संबंध या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. बांबूच्या दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील आणि मीठ लावून ठेवलेली मासळी म्हणजे पावसाळ्याची बेगमी. यांत कष्ट काय ते एकदांच. मासा नीट सुकला कीं त्याच्या राखणीस पुढें फारसें कांहीं लागत नसे. पिण्याच्या पाण्याकरितां माठ असे. माठाच्या अंगांतून झिरपलेलें पाणी वाफ होऊन हवेंत मिसळतें, जातांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें, आणि म्हणून माठांतील पाणी गार होतें. परंतु ही क्रिया हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. विदर्भांत किंवा मराठवाड्यांत ऐन उन्हाळ्यांत माठ उत्तम काम देतो. खाडी आणि समुद्र यांच्या मध्यें वसलेल्या भाईंदरास हवेंतच इतकी ओल असते कीं, तोच माठ तेथें तितका गार होत नाहीं. मोगल दरबारीं सोऱ्याच्या साह्यानें पाणी गार करीत, आणि दरबार पंजाबांत असतां डोंगरांतून बर्फहि आणवीत, हें आईने-अकबरींत नमूद आहे. पण तो बादशाही थाट. सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांतील ती गोष्ट नव्हे.

बर्फ हा गिऱ्हाइकी माल म्हणून हिंदुस्थानांत आणण्याचें धाडस बोस्टन येथील फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें केलें. अमेरिकेच्या त्या भागांतील तळीं हिवाळ्यांत गोठून जात. घोड्यांनीं ओढावयाच्या अवजारानें त्या बर्फाचे चौकोनी ठोकळे कापीत, ते जहाजांत रचीत आणि भोंवतीं लांकडाचा भुसा ठासून भरीत. १२ मे १८३३ रोजीं ‘टस्कनी’ नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालें. विषुववृत्त दोनदां ओलांडून सुमारें चार महिन्यांनीं, सप्टेंबरांत, तें कलकत्त्यास पोंचलें, तेव्हां जवळजवळ १०० टन बर्फ शिल्लक होता. म्हणजे सुमारें ८० टन माल वाटेंतच पाणी होऊन गेला.

दुसऱ्या एखाद्या व्यापारांत इतकी तूट आली असती तर दिवाळें निघालें असतें. पण ट्यूडरच्या मालास मूळ किंमत अशी फारशी नव्हतीच. कापणी, भुसा, जहाजभाडें आणि वितळ हाच त्याचा खरा खर्च. वितळलेला प्रत्येक टन त्याच्याच खिशांतून जात असल्यामुळें वितळ कशी कमी होईल, इकडे त्याचें सारें लक्ष लागलें. ठोकळे सारख्या मापाचे असले म्हणजे मध्यें हवेस वाव उरत नाहीं. मोठा ढीग लहान ढिगापेक्षां सावकाश वितळतो. भुसा कोरडा असेल तोंवरच उपयोगीं पडतो. या गोष्टी या व्यापारांत अनुभवानें पक्क्या झाल्या. भुसा हा स्वतः कांहीं थंड नसतो. त्याच्या कणांमध्यें अडकून पडलेली हवा बाहेरची उष्णता आंत शिरूं देत नाहीं, एवढेंच त्याचें काम. आजच्या फ्रिजच्या दुहेरी भिंतींत जो घट्ट फेस भरलेला असतो, तोहि हेंच काम अधिक चांगल्या रीतीनें करतो.

मुंबईस अमेरिकन बर्फ १८३४ सालीं आला. पुढें ‘सर’ झालेले जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या येथील एका मेजवानींत आइस्क्रीम वाढलें, आणि यजमान व पाहुणे अशा दोघांसहि पडसें झालें, अशी त्या काळची हकीकत सांगण्यांत येते. थट्टेचा भाग सोडला तरी शहरास बर्फाची गोडी लागली, हें खरें. तापाच्या रोग्यासाठीं डॉक्टर बर्फ मागवूं लागले. जहाज लांबलें कीं शहरांत बर्फाचा दुष्काळ पडे. गोदीच्या समोर, स्कॉटिश लोकांच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारीं, घुमटाच्या आकाराचें ‘आइस हाउस’ लोकवर्गणीनें उभारण्यांत आलें. तें आतां उरलेलें नाहीं. त्या जागीं के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटची इमारत आहे. आजच्या दृष्टीनें पाहतां तें सबंध शहराचें एकच भलें मोठें शीतगृह होतें, आणि त्याचा मोठेपणा हाच त्याचा गुण होता. याचें कारण पुढें येईल.

योगायोग असा कीं, बर्फ मुंबईस उतरला त्याच १८३४ सालीं या व्यापाराचा अंत करणाऱ्या युक्तीचा जन्म झाला. जेकब पर्किन्स या मूळच्या अमेरिकन अभियंत्यानें लंडनमध्यें गारवा उत्पन्न करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. ईथरसारखा लवकर उडून जाणारा द्रव उडूं द्यावयाचा, म्हणजे तो भोंवतालची उष्णता शोषून घेतो. त्याची वाफ पंपानें दाबून दुसरीकडे न्यावयाची, म्हणजे ती उष्णता बाहेर टाकून पुन्हां द्रव बनते. आणि तोच द्रव परत आंत सोडावयाचा. घरोघरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आजहि हेंच चक्र फिरवीत असतो. त्याच वर्षीं झाँ पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें आणखी एक चमत्कार प्रसिद्ध केला. दोन निराळ्या धातूंच्या सांध्यांतून विजेचा प्रवाह गेला कीं एक सांधा तापतो आणि दुसरा गार पडतो, असें त्यास आढळलें. हा शोध जवळजवळ शतकभर प्रयोगशाळेबाहेर फारसा कोणाच्या उपयोगीं पडला नाहीं. परंतु महाराष्ट्रांतील एका लहानशा पेटीच्या निमित्तानें त्याचा उल्लेख पुढें करावा लागणार आहे.

१८७० च्या दशकांत मद्रास व कलकत्ता येथें यंत्रानें बर्फ करण्याचे कारखाने निघाले, आणि थोड्याच वर्षांत बोस्टनचा व्यापार बसला. मुंबईंतहि कारखान्याचा बर्फ मिळूं लागला आणि ‘लादी’ हा शब्द घराघरांत शिरला. हातगाडीवरून भुशांत आणि गोणपाटांत गुंडाळून येणारी ती लादी हें ट्यूडरच्या जहाजाचेंच धाकटें रूप होतें. किनाऱ्यावर तिचें महत्त्व निराळें. उत्तनच्या होड्यांना यंत्रें बसलीं आणि त्या कित्येक दिवस समुद्रांत राहूं लागल्या, तेव्हां होडीच्या पोटांतील खणांत फोडलेला बर्फ भरून नेणें अवश्य झालें. सरंगा सुकवून विकण्यांत कांहीं हांशील नाहीं. त्यास भाव मिळतो तो ताजेपणाचा. उष्ण प्रदेशांत मासळीच्या वजनाइतका बर्फ लागतो, असें मत्स्यव्यवसायांत मानतात. खणाच्या भिंती कच्च्या असल्या तर त्यांतला बराचसा बर्फ मासळी हातीं येण्याच्या आधींच वितळतो. बर्फाचा हिशेब घालतांना कोळ्यास वितळ धरावी लागते, कारण तोटा रोकडा आणि स्वतःचा असतो.

घरांत ठेवण्याजोगा विजेचा फ्रिज पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंत आला, आणि १९२७ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें काढलेल्या नमुन्यानें तो तेथें सर्वसामान्य झाला. आरंभीं त्यांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असे विषारी वायु असत. गळतीचें भय इतकें होतें कीं, अल्बर्ट आइनस्टाइन व लिओ झिलार्ड या दोघां शास्त्रज्ञांनीं हलते भागच नसलेला फ्रिज योजून १९३० सालीं त्याचें अमेरिकन पेटंट मिळविलें. त्याच सुमारास फ्रिऑन हा बिनविषारी वायु निघाला आणि ती चिंता मिटली. त्या वायूनें वातावरणांतील ओझोनचा थर झिजतो, हें कळण्यास मात्र १९७० चें दशक उजाडावें लागलें. भारतांत फ्रिज बनविण्याचा आरंभ १९५८ सालीं गोदरेज कंपनीनें जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्यानें केला. दीर्घ काळ फ्रिज ही चैनीची वस्तु मानली जाई आणि तिच्यावर कराचा भारहि तसाच असे. चाळींतील एखाद्याच घरीं फ्रिज, आणि बर्फाचे खडे मागावयास साऱ्या मजल्यावरचीं मुलें, हें चित्र अनेक मुंबईकरांच्या आठवणींत आहे.

येथें एक पालट झाला व तो सहज लक्षांत येण्याजोगा नव्हता. वितळलेल्या बर्फाचा तोटा ट्यूडरच्या काळीं विकणाऱ्यावर पडे. लादीवाल्याचेंहि तसेंच, गोणपाट फाटकें असेल तर नुकसान त्याचें. फ्रिज मात्र एकदां विकला कीं, त्याच्या भिंतींतून आंत शिरणाऱ्या उष्णतेचा दंड विकणाऱ्यास पडत नाहीं. तो गिऱ्हाईक भरतो, आणि तोहि पंखे, दिवे, टेलिव्हिजन यांच्या खर्चांत मिसळून, महिन्याच्या विजेच्या बिलांत. दंड वेगळा दिसत नाहीं, म्हणून त्याची तक्रारहि कोणी करीत नाहीं. याचा परिणाम अमेरिकेंत स्पष्ट दिसून आला. वीज स्वस्त, आणि दुकानांत गिऱ्हाईक पाहणार तें बाहेरचें रूप व आंतील जागा. मग भिंती जाड करण्याची आणि मोटर सुधारण्याची कोणास गरज वाटावी? १९७० च्या दशकाच्या मध्यास तेथील नवा फ्रिज वर्षास सरासरीनें सुमारें १८०० युनिटें वीज खात होता. पुढें प्रथम कॅलिफोर्निया राज्यानें आणि मग मध्यवर्ती सरकारनें खपाची मर्यादा कायद्यानें घालून दिली. २००१ च्या नियमानंतर हा आंकडा ५०० च्या आसपास आला. आणि मधल्या काळांत फ्रिज आकारानें लहान झाले नव्हते. भिंतींतील फेस, दाराचें रबर, कॉम्प्रेसर यांतील सुधारणा कारागिरांस अशक्य कधींच नव्हत्या. त्या करणें भाग पडलें, तेव्हां त्या झाल्या.

भारतांत ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालीं झाला, आणि १ मार्च २००२ रोजीं ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही संस्था स्थापन झाली. मे २००६ मध्यें ताऱ्यांच्या लेबलाची योजना निघाली. आरंभीं ती ऐच्छिक होती; २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना ती सक्तीची झाली, आणि पुढें साध्या डायरेक्ट कूल फ्रिजनाहि ती लागू करण्यांत आली. लेबलावरील तारे सर्वांच्या नजरेस येतात. पण खरें महत्त्व आहे तें त्याच लेबलावर छापलेल्या वर्षाच्या युनिटांच्या आंकड्यास. तारे एका वर्गांतील पेट्यांची परस्परांशीं तुलना करतात, आणि कसोटी वेळोवेळीं कडक होत असल्यामुळें जुन्या वर्षाचे पांच तारे नव्या वर्षीं कमी भरतात. युनिटांचा आंकडा मात्र सरळ पैशांत मोजतां येतो. या कसोटीच्या सूत्रांतहि एक मार्मिक गोष्ट आहे. वीजखपाची मर्यादा काढतांना पेटीच्या आकारमानास एका संख्येनें गुणतात, आणि त्यांत आणखी एक ठराविक संख्या मिळवितात. याचा अर्थ असा कीं, पेटी कितीहि लहान केली तरी तिचा खप त्या प्रमाणांत उतरत नाहीं, हें त्या सूत्रानेंच गृहीत धरलें आहे.

मीरा-भाईंदरच्या दृष्टीनें ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मिठागरें, शेतें आणि कोळीवाडे यांच्या या प्रदेशास १९८५ सालीं नगरपालिका मिळाली आणि २००२ सालीं महानगरपालिका. २००१ च्या शिरगणतींत सुमारें ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्यें ८,०९,३७८ झाली. मुंबईंत जागा न परवडणारीं कुटुंबें येथें आलीं, आणि एका-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत त्यांनीं संसार मांडले. शहर ठाणें जिल्ह्यांत असलें तरी वीज मुंबईच्या उपनगरांबरोबर येते. १९२९ सालीं स्थापन झालेली बाँबे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी पुढें रिलायन्सकडे गेली, आणि २०१८ सालीं तिचा मुंबईंतील वीजपुरवठा अदानी कंपनीकडे आला. मीरा-भाईंदर त्याच पुरवठ्याच्या हद्दींत आहे. अशा शहरांत ४०-५० लिटरच्या लहान फ्रिजचा मोह पडणें साहजिक आहे. तो ओट्याखालीं बसतो, एक माणूस तो उचलूं शकतो, आणि पेटी लहान म्हणजे वीजहि थोडी, असा सर्वांचा समज असतो.

हा समज कितपत खरा, हें भूमितीनेंच पाहतां येईल. ५० लिटरची एक घनाकृति पेटी घ्यावी आणि २०० लिटरची दुसरी. पहिलीची बाजू सुमारें ३७ सेंटिमीटर, दुसरीची साडेअठ्ठावन. सहाहि बाजूंचें क्षेत्रफळ काढलें तर पहिलीचें सुमारें ८,१०० चौरस सेंटिमीटर येतें आणि दुसरीचें सुमारें २०,५००. म्हणजे आंतील जागा चौपट झाली असतां भिंत मात्र अडीचपटच झाली. उष्णता शिरते ती भिंतींतून. म्हणून लिटरमागें पाहिल्यास लहान पेटींत मोठीच्या दीडपटीहून अधिक उष्णता शिरते. ट्यूडरचा मोठा ढीग सावकाश कां वितळे आणि गोदीसमोरील आइस हाउसचा मोठेपणा हा गुण कां होता, याचें उत्तर हेंच. यांत आणखी दोन गोष्टींची भर पडते. लहान पेटींत जागा वाचविण्याकरितां भिंती पातळ ठेवण्याचा मोह होतो, आणि लहान कॉम्प्रेसर मोठ्याच्या मानानें कमी कार्यक्षम असतो. त्यामुळें चांगल्या प्रतीच्या मोठ्या फ्रिजच्या आणि सामान्य प्रतीच्या लहान फ्रिजच्या लेबलांवरील आंकडे शेजारीं ठेवले, तर दोहोंत फारसें अंतर नसावें, किंबहुना लहानाचाच आंकडा वरचढ असावा, यांत आश्चर्य करण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां हा खप जुन्या लादीच्या मापानें मोजून पहावा. एक किलो बर्फ वितळण्यास ८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेचें एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. कॉम्प्रेसर उष्णता निर्माण करीत नाहीं, ती आंतून बाहेर वाहून नेतो. त्यामुळें एका युनिटांत तो दीड युनिटाइतकी उष्णता उपसतो असें धरलें, तर एक युनिट सुमारें १६ किलो बर्फाचें काम करतें. समजा, एखाद्या लहान फ्रिजच्या लेबलावर वर्षाचीं १५० युनिटें लिहिलेलीं आहेत. तीं रोजच्या ०.४१ युनिटाइतकीं होतात. म्हणजे रोज सुमारें साडेसहा किलो बर्फ. लेबलावरील मोजणी दार बंद ठेवून केलेली असते. तेव्हां पेटींत एक लिंबूहि न ठेवतां, केवळ भिंतींतून येणाऱ्या उष्णतेपायीं, रोज एवढा बर्फ वितळत आहे असें समजावें. दारावर रोज साडेसहा किलोची लादी टाकून पैसे मागणारा माणूस आला असता, तर भिंत जाड करा असें कोणीहि म्हटलें असतें. विजेचा तार मात्र मुकाट्यानें हेंच काम करतो.

महाराष्ट्रांतच याचा एक बोधप्रद प्रयोग होऊन गेला आहे. ज्या घरांत फ्रिज कधींच आला नाहीं, त्या घरासाठीं एक स्वस्त पेटी करावी, या हेतूनें गोदरेज कंपनीनें २००८ सालीं तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत सुमारें सहाशें ग्रामीण स्त्रियांना एकत्र बोलावून त्यांच्या सल्ल्यानें नमुना ठरविला. त्यांतून ‘छोटूकूल’ ही पेटी निघाली. ती ४३ लिटरची, पावणेआठ किलोंच्या आसपास वजनाची, आणि किंमतीनें सव्वातीन हजार रुपयांच्या घरांतली होती. तिच्यांत कॉम्प्रेसर नव्हता आणि वायूहि नव्हता. पेल्तिएच्या १८३४ च्या शोधावर चालणारी चकती आणि पंखा एवढ्यावर तिचें काम भागे, आणि ती १२ व्होल्टच्या बॅटरीवरहि चाले. दार समोर नसून वर होतें. थंड हवा जड असते. समोरचें दार उघडलें कीं ती पायांवर सांडते, वरचें उघडलें तर तळाशींच राहते. राखणीचें हें मर्म त्या साध्या पेटीनें नेमकें ओळखलें होतें. २०१२ सालीं तिला अमेरिकेंतील एडिसन पारितोषिकहि मिळालें.

परंतु पेल्तिएच्या चकतीस जी मर्यादा निसर्गतः आहे, ती चुकविणें कोणाच्याहि हातीं नव्हतें. तितकीच उष्णता उपसण्यास ही चकती कॉम्प्रेसरपेक्षां कित्येक पटींनीं अधिक वीज घेते, आणि बाहेर उकाडा वाढला कीं आंतील थंडीहि त्या मानानें उतरते. त्यामुळें दूध, भाजी, पाणी यांची सोय झाली तरी बर्फ जमविणें हें तिचें काम नव्हतें. ज्या खेड्यांसाठीं ती योजिली होती, तेथें ती अपेक्षेप्रमाणें पसरली नाहीं. पुढें तिचें गिऱ्हाईक शहरांतच शोधावें लागलें. किंमत आणि वजन दोन्ही उतरवितां आलीं. राखणीचा खर्च तसा उतरेना.

मीरा-भाईंदरमधील गृहस्थानें हिशेब कसा मांडावा, हें यावरून ठरवितां येतें. युनिटाचा दर ८ रुपये धरला, तर वर्षाच्या १५० युनिटांचे १२०० रुपये, म्हणजे महिन्याचे १०० होतात. दहा वर्षांत ही रक्कम १२ हजारांवर जाते. लहान फ्रिजच्या मूळ किंमतीहून ती कमी असण्याचा संभव थोडा. शिवाय घरगुती विजेचा दर पायऱ्यांचा असतो. पहिलीं १०० युनिटें स्वस्त, मग ३०० पर्यंत वरचा दर, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढें आणखी वरचा. फ्रिज रात्रंदिवस चालतो, म्हणून त्याची युनिटें खालच्या पायरीवरचीं आहेत असें समजण्याकडे मनाचा कल असतो. पण फ्रिज नसता तर बिलांतून गळालीं असतीं तीं शेवटचीं, म्हणजे महाग युनिटें. एकच पेटी दोन घरांत दोन निराळ्या खर्चाची ठरते ती यामुळें. दोन पेट्यांची तुलना करतांना दुकानांतील किंमतींतील फरक आणि लेबलावरील युनिटांतील फरक हे दोन्ही आंकडे कागदावर मांडले, तर किती वर्षांत कोणती पेटी स्वस्त पडते, हें पांच मिनिटांत कळतें.

विकत घेतल्यानंतरहि राखणीचा कांहीं भाग घरच्यांच्या हातीं राहतो. किनाऱ्यावरील हवा दमट. दार उघडलें कीं तिच्याबरोबर वाफ आंत जाते, तिचें पाणी होतांना व मग बर्फ होतांना उष्णता आंतच सुटते, आणि ती कॉम्प्रेसरला उपसावी लागते. साध्या फ्रिजमध्यें हाच बर्फ नळ्यांवर थरानें चढतो. दिसावयास तो थंड, पण त्याचा परिणाम भुशासारखा; तो गारव्यास पेटींत उतरूं देत नाहीं. म्हणून थर बोटाएवढा होण्याच्या आधींच काढून टाकणें चांगलें. पेटी भिंतीस चिकटवून किंवा गॅसच्या शेगडीशेजारीं ठेवली, तर बाहेर टाकावयाची उष्णता बाहेर जाण्यास मार्ग उरत नाहीं. लहान स्वयंपाकघरांत मोकळी जागा काढणें कठीण, हें खरें. पण मागें चार बोटें जागा सुटली तरी फरक पडतो. दारांत कागदाचा कपटा धरून दार लावावें. तो सहज ओढला गेला, तर रबर सैल झालें आहे असें समजावें. आणि नवा मोठा फ्रिज आल्यावर जुना लहान फ्रिज पाण्याच्या बाटल्यांसाठीं चालू ठेवण्याची जी रीत आहे, तींत पेटी फुकटची वाटली तरी तिची राखण फुकट होत नाहीं.

तथापि सारा भार घरच्या गृहिणीवर टाकून भागणार नाहीं. लहान पेटी घेणारा मनुष्य बहुधा बेतशीर मिळकतीचा, लहान जागेंत राहणारा असतो. आणि भूमितीच्या नियमानें व पातळ भिंतींमुळें लिटरमागें अधिक पैसे तोच मोजतो. भूमिति बदलतां येत नाहीं, पण भिंत जाड करतां येते. वजन-मापें प्रामाणिक असावींत, हें राज्याचें जुनें कर्तव्य आहे. युनिटांचा आंकडा हेंहि एक मापच होय. कलकत्त्याच्या बंदरावर ‘टस्कनी’तील माल तोलला गेला, तेव्हां वाटेंत किती बर्फ गेला हें व्यापाऱ्यास कळलें. फ्रिजवरील लेबल हें तेंच तोलणें आहे. तें दाराच्या आंत झांकून न ठेवतां दुकानांत समोर असावें, आणि किंमतीच्या आधीं वाचलें जावें.